छोटी शेतजमीन खरेदी : कागद, पाणी आणि माती यांची पूर्वपरीक्षा

भारतीय शेतीचे स्वरूप गेल्या अर्धशतकात झपाट्याने लहान होत गेले आहे. १९७०-७१ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी वहितीधारण क्षेत्र २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.०८ हेक्टरवर आले. त्या वेळी देशात सुमारे १४.६५ कोटी वहितीधारक होते आणि त्यांपैकी ८६ टक्क्यांहून अधिक अल्प व अत्यल्प भूधारक, म्हणजे दोन हेक्टरपेक्षा कमी जमीन कसणारे होते. यामुळे ग्रामीण भागातील शेतजमिनीचे बहुतांश व्यवहार एक-दोन एकरांचे, क्वचित चार-पाच एकरांचे असतात.

मोठ्या जमीनदाराच्या पन्नास एकरांत पाच एकर खारवट निघाले तर त्याचे फारसे बिघडत नाही. दोन एकर घेणाऱ्या कुटुंबाला मात्र चुकीसाठी जागाच नसते. विहीर उन्हाळ्यात कोरडी पडली, वाट शेजाऱ्याने अडवली किंवा विक्रेत्याच्या बहिणीने न्यायालयात हिस्सा मागितला, तर त्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत अडकून पडते. क्षेत्र जितके लहान, तितकी खरेदीपूर्व तपासणी काटेकोर असली पाहिजे. प्रत्यक्षात उलट घडताना दिसते. व्यवहार लहान म्हणून वकील नको, मोजणी नको आणि माती परीक्षणही नको, असा सर्वसाधारण कल असतो.

नोंद म्हणजे मालकी नव्हे

जमिनीच्या हक्कनोंदीला देशात ठिकठिकाणी वेगवेगळी नावे आहेत. महाराष्ट्र व गुजरातमध्ये सात-बारा, कर्नाटकात पहाणी, पंजाब-हरियाणात जमाबंदी, उत्तर प्रदेशात खतौनी, तामिळनाडूत पट्टा व अडंगल, तर गोव्यात नमुना १ व १४. नावे निरनिराळी असली तरी तत्त्व एकच आहे. या नोंदी मुळात जमीन महसूल वसुलीसाठी निर्माण झाल्या. त्या मालकीविषयी अनुमान करू देतात, परंतु मालकीची हमी देत नाहीत. फेरफार नोंदीने मालकी हक्क निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सावर्णी विरुद्ध इंदर कौर या प्रकरणात स्पष्ट केले. नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये दुय्यम निबंधकाकडे दस्ताची नोंदणी होते, हक्काची नव्हे. विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार होता किंवा नाही, याची खात्री करून घेण्याचे ओझे शेवटी खरेदीदारावरच पडते.

म्हणून चालू वर्षाचा एकच उतारा पाहून भागत नाही. किमान तीस वर्षांचे उतारे, त्यांवर क्रमांकाने दर्शविलेले सर्व फेरफार आणि त्या काळातील नोंदणीकृत दस्त यांचा शोध घ्यावा लागतो. जमीन विक्रेत्याकडे खरेदीने, वारसाने, वाटणीने, बक्षीसपत्राने किंवा शासकीय वाटपातून आली असेल. त्यापैकी कोणत्या मार्गाने आली, यावरून पुढील तपासणीची दिशा ठरते.

जमीन वारसाने आली असल्यास सर्व वारसांची नावे लागली आहेत काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. अनेक गावांत वडिलांच्या पश्चात केवळ मुलांची नावे चढतात, मुलींची राहून जातात. हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ ने मुलीला जन्मतःच सहदायादाचा दर्जा दिला. हा हक्क मिळण्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात दिला. हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे काय आणि बहिणीची संमती खरीखुरी आहे काय, ही चौकशी खरेदीदाराच्या हिताची आहेच. तिच्यामुळे त्या स्त्रीच्या न्याय्य हिश्श्याचेही रक्षण होते. शिवाय मूळ मालकाच्या मृत्यूनंतर वारसांकडे आलेल्या जमिनीतील आपला हिस्सा एखादा वारस विकू लागल्यास इतर प्रथमवर्गीय वारसांना अग्रक्रमाने खरेदीचा अधिकार असतो. हा अधिकार शेतजमिनीलाही लागू आहे, असे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. अज्ञान मुलाच्या स्वतंत्र मालकीची जमीन नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या परवानगीविना विकता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

उताऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना सर्वांत काळजीपूर्वक वाचावा. सहकारी सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, पुनर्वसनासाठी हस्तांतरणबंदी, वनविषयक शेरा, अवैध गौण खनिज उत्खननाचा दंड अशा नोंदी तेथेच आढळतात. कर्ज फिटल्याचे तोंडी सांगणे पुरेसे नाही. बेबाकी दाखला आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार, दोन्ही हाती यावेत. जमिनीविषयी दावा चालू असताना झालेली खरेदी त्या दाव्याच्या निकालाला बांधील राहते. यास्तव दिवाणी व महसुली न्यायालयांतील प्रलंबित प्रकरणांचा शोध घ्यावा आणि स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात.

साठेखत व कुलमुखत्यारपत्र यांच्या आधारे ‘जमीन नावावर झाली’ असे समजणारे आजही पुष्कळ आढळतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार केवळ विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. मुखत्यारपत्रावरील अशा ‘विक्री’ने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. नोंदणीकृत खरेदीखत हाच मालकीचा मार्ग होय.

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा

राज्यघटनेनुसार जमीन हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे एका राज्यातील अनुभव दुसऱ्या राज्यात लागू पडेलच असे नाही. महाराष्ट्रात कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकाने अशा स्वरूपाचे निर्बंध २०२० मध्ये उठविले. हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कायद्यातील कलम ११८ नुसार बिगरशेतकऱ्याला राज्य शासनाची परवानगी लागते. गोव्याने २०२३ मध्ये भातशेतीच्या जमिनी बिगरशेतकऱ्यांकडे जाण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. परदेशस्थ भारतीयांना परकीय चलनविषयक नियमांनुसार शेतजमीन, मळे वा फार्महाउस खरेदी करता येत नाही. वारसाहक्काने मात्र अशी मालमत्ता मिळू शकते. परदेशात स्थायिक झालेल्या आणि गावाकडे शेती घेऊ इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा भेद लक्षात घ्यावा.

आदिवासींच्या जमिनींना अनेक राज्यांत विशेष संरक्षण आहे. छोटा नागपूर कुळवहिवाट अधिनियम १९०८ चा, तर संथाळ परगण्याचा कायदा १९४९ चा आहे. आंध्र प्रदेश व तेलंगणाच्या अनुसूचित क्षेत्रांत १९५९ च्या विनियमात १९७० मध्ये झालेल्या सुधारणेनुसार एका बिगरआदिवासीने दुसऱ्या बिगरआदिवासीला जमीन विकण्यासही मनाई आहे. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वपरवानगीविना बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. अशी जमीन स्वस्तात मिळते, कारण तो व्यवहार मुळातच टिकणारा नसतो. जुन्या फेरफारांत कोठे आदिवासी खातेदाराचे नाव आढळले, तर ते हस्तांतरण वैध होते काय, हे तपासावे. जमीन आज तिसऱ्या-चौथ्या हातात असली तरी ही चौकशी टाळू नये.

कुळकायद्याने मिळालेली, इनाम वा वतनाची, देवस्थानाची, भूदानाची किंवा शासनाने वाटप केलेली जमीन यांनाही अटी असतात. महाराष्ट्रात भोगवटादार वर्ग-१ व वर्ग-२ हा भेद उताऱ्यावरच दिसतो. वर्ग-२ ची जमीन बहुधा सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना विकता येत नाही. कुळाने खरेदी केलेल्या जमिनीस दहा वर्षे पूर्ण झाली असल्यास आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरून विक्री करण्याची सोय २०१४ च्या सुधारणेने झाली. तथापि ती प्रत्येक वर्ग-२ जमिनीला लागू नाही.

छोट्या जमिनीच्या बाबतीत तुकडेबंदी कायदा विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे असे निश्चित करण्यात आले. त्याहून लहान तुकडा शेतीसाठी विकत घेताना कायदेशीर अडचण येते. पाच-पाच गुंठ्यांचे भाग पाडून ‘शेतजमीन’ म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहणे इष्ट. जमीन एखाद्या प्रकल्पाच्या भूसंपादनात येते काय, हेही पाहावे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना अशा जमिनीचा व्यवहार करता येत नाही.

मोजणी, हद्द आणि वाट

उताऱ्यावरील क्षेत्र आणि बांधाच्या आतील क्षेत्र एकच असेल, असे गृहीत धरू नये. बांध कोरण्याने दहा-वीस वर्षांत कित्येक गुंठे इकडचे तिकडे होतात. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घेऊन शेजाऱ्यांच्या समक्ष हद्दीच्या खुणा कायम कराव्यात. मोजणीचा खर्च व विलंब टाळावासा वाटतो, परंतु हद्दीचा दावा त्याहून कितीतरी महाग पडतो. लागवडीयोग्य क्षेत्र व पोटखराबा यांची विभागणीही पाहावी. दोन एकरांत दहा गुंठे पोटखराबा असल्यास पिकाखाली सत्तरच गुंठे येतात.

परप्रांतात जमीन घेणाऱ्याने मापाचे परिमाण समजून घेणे आवश्यक आहे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, पंजाबात आठ कनाल आणि दक्षिणेत शंभर सेंट. बिघा मात्र प्रांताप्रांतांत बदलतो. बंगालमध्ये तो एकराच्या तृतीयांशाइतका, तर राजस्थानातील पक्का बिघा सुमारे पाच-अष्टमांश एकराचा असतो. करारात क्षेत्र हेक्टर-आरमध्येच लिहावे.

वाटेचा प्रश्न लहान शेतकऱ्याला सर्वाधिक छळतो. वाटण्या होत गेल्या की आतल्या गटाला रस्ता उरत नाही. विक्रेता शेजाऱ्याच्या बांधावरून जात असेल तर तो रस्ता नकाशावरचा, वहिवाटीचा की केवळ स्नेहाखातर मिळालेला, हे विचारावे. स्नेहाची वाट मालक बदलताच बंद होते. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ अन्वये बांधावरून रस्ता मागता येतो आणि अडविलेल्या रस्त्याबाबत मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दाद मागता येते. तरीही ट्रॅक्टर, मळणीयंत्र व मालाची गाडी बारमाही जाईल अशी निर्विवाद वाट खरेदीखतात नमूद झालेली असणे हाच उत्तम उपाय होय.

पाणी : वैशाखात पाहावे, आकड्यांत मोजावे

‘विहीर आहे, पाणी भरपूर’ या वाक्याला आकड्याविना अर्थ नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. उन्हाळ्यात पिकाची गरज रोज पाच मिलिमीटर धरली तर हेक्टरी ५०,००० लिटर पाणी लागते. समजा, विहिरीवरील पंप ताशी ५,००० लिटर पाणी देतो आणि तीन तासांत विहीर उपसली जाऊन पुन्हा भरण्यास दुसरा दिवस उजाडतो. अशा वेळी रोज १५,००० लिटरच पाणी मिळते आणि त्यावर जेमतेम तीस गुंठे उन्हाळी पीक निघेल. मग दोन एकरांना बागायतीचा भाव का द्यावा, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. यास्तव एप्रिल-मे महिन्यांत पंप चालवून, पातळी किती उतरते व किती वेळात पूर्ववत होते, याची नोंद घ्यावी. पावसाळ्यातही एकदा जमीन पाहावी. पाणी कोठे साचते, ओढा किती चढतो व माती कोठे वाहून जाते, हे तेव्हाच कळते.

शेजारच्या विहिरी व कूपनलिका किती खोल आहेत आणि दहा वर्षांपूर्वी पाणी किती खोलीवर होते, याची चौकशी एखाद्या अहवालाइतकीच मोलाची असते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या मूल्यांकनानुसार देशातील ६,७४६ मूल्यांकन घटकांपैकी ७५१ घटकांत वार्षिक उपलब्धतेहून अधिक उपसा होत होता, तर २०६ घटक चिंताजनक व ७११ अंशतः चिंताजनक स्थितीत होते. जमीन ज्या तालुक्यात, गटात किंवा पाणलोट क्षेत्रात आहे, त्याची वर्गवारी पाहून घ्यावी. अतिशोषित भागात नव्या कूपनलिकेच्या भरवशावर जमीन घेणे धोक्याचे आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर खोदण्यावर निर्बंध आहेत, याचीही जाण ठेवावी.

विहीर सामाईक असल्यास हिस्सा किती, पाळी किती दिवसांची आणि पाइपलाइन कोणाच्या शेतातून जाते, हे खरेदीखतात लिहिले गेले पाहिजे. कालव्याचे पाणी असल्यास जमीन अधिकृत लाभक्षेत्रात आहे काय आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी प्रत्यक्ष पोहोचते काय, हे पाणी वापर संस्थेकडे विचारावे. वीजजोडणी कोणाच्या नावे आहे, थकबाकी किती आहे आणि तीन-फेज वीज दिवसा किती तास मिळते, हाही पाण्याच्याच हिशेबाचा भाग आहे.

पाण्याचा दर्जाही तपासावा. प्रयोगशाळेत विद्युत वाहकता ०.७५ डेसीसायमन प्रतिमीटरपर्यंत आल्यास पाणी सामान्यतः सिंचनास योग्य समजले जाते. ती २.२५ च्या पुढे गेल्यास बहुतेक पिकांना ते हानिकारक ठरते. रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट प्रतिलिटर २.५ मिलिइक्विव्हॅलंटहून अधिक असलेले पाणी काळ्या मातीला हळूहळू चोपण करून टाकते.

माती : वरची वीत आणि खालचा हात

मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगढ येथे सुरू झाली. या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य व सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळून बारा घटकांची माहिती असते. विक्रेत्याकडे अशी पत्रिका असल्यास ती जरूर पाहावी. परंतु खरेदीदाराने स्वतः नमुने घेणे श्रेयस्कर. शेताच्या आठ-दहा जागांवरून इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा, सुमारे वीतभर खोल खड्डा घेऊन माती एकत्र करावी. बांध, खताचे ढीग व झाडाखालची जागा वगळावी. सामू ६.५ ते ७.५ असणे बहुतेक पिकांना मानवते. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी असल्यास जमीन कस गमावलेली समजावी. मात्र तो दोष शेणखत, हिरवळीचे खत व पीक फेरपालट यांनी सुधारता येतो.

जे सुधारता येत नाही, ते खाली दडलेले असते. म्हणून निदान दोन ठिकाणी एक मीटर खोल खड्डा घ्यावा. माती किती खोल आहे, मुरूम कोठे लागतो, चुनखडीचा थर आहे काय आणि पाणी किती वेळात जिरते, हे तेथे डोळ्यांनी दिसते. संत्रा-मोसंबीला चुनखडीयुक्त व निचरा न होणारी भारी जमीन सोसत नाही. डाळिंब हलक्या-मध्यम जमिनीतही येते. आधी पीक ठरवून मग जमीन शोधणे किंवा जमीन पाहून मग पीक ठरविणे, हे दोन्ही मार्ग योग्य आहेत. दोहोंचा मेळ न घालता खरेदी करणे मात्र अयोग्य.

जमिनीच्या पृष्ठभागावर पांढरा थर आढळणे, पीक ठिपक्याठिपक्यांनी विरळ असणे, लव्हाळ्याचे रान माजणे ही क्षार व पाणथळपणाची लक्षणे होत. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात, तसेच हरियाणा, पंजाब व राजस्थानच्या कालवाक्षेत्रांत हा प्रश्न तीव्र आहे. जिप्सम व भूमिगत निचरा यांनी अशा जमिनी सुधारतात. कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे या क्षेत्रातील काम मोलाचे आहे. परंतु त्याचा खर्च एकट्या दोन एकरवाल्याला झेपत नाही. वीटभट्टीसाठी वरची माती विकून टाकलेली जमीन वरून सपाट व देखणी दिसते, पण तिचा कस वर्षानुवर्षे भरून येत नाही. शेजारच्या शेताहून पातळी अकारण खाली असेल, तर हा संशय घ्यावा.

भाव आणि उत्पन्न यांचा ताळमेळ

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीनुसार २०१८-१९ मध्ये शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते आणि त्यात पिकांपासूनचे उत्पन्न केवळ ३,७९८ रुपये होते. जमिनीचा भाव मात्र पिकाच्या उत्पन्नावर ठरत नाही. रस्ता, शहर, उद्योग व सट्टा यांवर तो ठरतो. उदाहरणादाखल, एकराला दहा लाख रुपये मोजले आणि खर्च वजा जाता वर्षाला पन्नास हजार रुपये उरले, तर परतावा पाच टक्के होतो. दहा टक्के व्याजाच्या कर्जाने ही जमीन घेतल्यास पीक कितीही चांगले आले तरी व्याजसुद्धा फिटणार नाही. कर्ज शेतीबाहेरच्या नियमित उत्पन्नातून फेडता येईल तेवढेच घ्यावे. विहीर दुरुस्ती, ठिबक, कुंपण, सपाटीकरण व पहिल्या दोन हंगामांचे भांडवल यांसाठी रक्कम राखून ठेवावी.

जमिनीसह पाणी व भांडवलही लागते, हे शासकीय योजनांतही मान्य झाले आहे. महाराष्ट्रात २००४ पासूनच्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. जिरायतीच्या तुलनेत बागायतीचे क्षेत्र निम्मे ठेवण्यात पाण्याचेच मोल मानलेले दिसते. तेलंगणाने २०१४ मध्ये सुरू केलेल्या दलित भूमिखरेदी योजनेत जमिनीसोबत पाणी, वीज व पहिल्या पिकाच्या निविष्ठांचाही विचार केला होता. या योजनांखाली जमीन निवडणाऱ्या समित्यांनी मे महिन्यातील पाण्याची मोजणी व खड्ड्यातील मातीची पाहणी सक्तीची केल्यास लाभार्थ्याच्या हाती नापीक तुकडा पडण्याचा धोका टळेल.

शक्य असेल तेथे तीच जमीन एक वर्ष खंडाने करून पाहणे ही सर्वोत्तम परीक्षा होय. निती आयोगाने २०१६ मध्ये सुचविलेल्या आदर्श शेतजमीन भाडेपट्टा कायद्याचा उद्देशही मालक व कसणारा या दोघांना निर्धास्तपणे असे करार करता यावेत, हाच आहे.

समारोप

राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम २००८ मध्ये हाती घेण्यात आला. पुढे त्याचेच डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात रूपांतर झाले. उतारे संगणकावर आले आणि भूखंडांना चौदा अंकी ओळख क्रमांक देण्यास २०२१ मध्ये प्रारंभ झाला. त्यामुळे माहिती मिळविणे सुलभ झाले आहे. पण संगणकावर चढलेली चुकीची नोंद संगणकावर चुकीचीच राहते. बांध, विहीर व माती यांची पाहणी शेतात उभे राहूनच करावी लागते.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम हक्क व कायदेशीर निर्बंध, नंतर मोजणी व वाट, त्यानंतर पाणी, मग माती आणि शेवटी भाव असा तो असावा. विसाराची रक्कम यानंतरच द्यावी, ती बँकेमार्फत द्यावी आणि त्रुटी निघाल्यास परतीची अट लेखी असावी. खरेदीखतानंतर फेरफार मंजूर होऊन आपले नाव उताऱ्यावर आल्याची खात्री होईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये. या सर्व परीक्षांना दोन-चार महिने लागतात, काही हजार रुपयेही खर्च होतात. एका कुटुंबाची पुढची पिढी ज्या जमिनीवर उभी राहायची आहे, तिच्यासाठी हा काळ व हा खर्च अल्पच म्हटला पाहिजे.